हवापाण्याच्या गप्पा

जावाजावांच्या भांडणावर म्हणी पुष्कळ आहेत, पण या दोघींचं भांडण त्यातल्या एकाही म्हणीत बसलं नसतं. ते दागिन्यांवरून नव्हतं, ओट्यावरून नव्हतं, वाटणीवरून तर नव्हतंच. दोघींचे नवरे सख्खे भाऊ आणि दोघेही गरीब गाय. त्यांच्यावरून भांडण्यासारखं काही नव्हतं. दोघींचं बिनसलं होतं ते उन्हावरून.

थोरली खालच्या मजल्यावर राहायची. रुग्णालयाच्या चादरी आणि हॉटेलांतली टेबलावरची कापडं धुऊन देणारं मोठं धुलाईघर तिचं होतं, आणि ते तिनं स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं. शिवाय ती नगरपालिकेत निवडून आलेली होती, जुन्या वळणाच्या पक्षाकडून. तिथं तीच पक्षाची नेता. तिनं हात वर केला की मागचे सगळे हात वर जायचे. धाकटी वरच्या मजल्यावर. ती त्याच नगरपालिकेच्या वीज विभागात अभियंता होती. शहरातल्या सार्वजनिक इमारतींवर सौर पॅनेल बसवायचं काम तिच्याकडे होतं, आणि ते तिनं मागून घेतलेलं होतं.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी सगळे एकत्र जेवायला बसले होते. विषय कसा निघाला ते कोणालाच नीट आठवत नाही, पण बोलता बोलता धाकटी म्हणाली, “वहिनी, तुमच्या पक्षाला डोळे आहेत, पण ते डोक्याच्या मागच्या बाजूला. जग तापतंय आणि तुम्ही मागे बघत बसलाय.”

थोरलीनं घास ताटात ठेवला. “मागे बघितल्याशिवाय गाडी वळवता येत नाही, बाई. ज्यांना ते जमत नाही ते खड्ड्यात जातात, आणि मग लोकांना हाका मारतात.”

एवढंच. पण दोघींनी ते मनात धरलं. त्या दिवसापासून त्या घरात एक चमत्कारिक अडचण होऊन बसली. माणसांना काही सुचेनासं झालं की ती हवापाण्याच्या गप्पा मारतात. इथं नेमक्या त्याच मारायची सोय उरली नाही. जिन्यात धाकटे भावोजी चुकून “आज काय उकडतंय हो वहिनी” म्हणून गेले, तर थोरलीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खिशातला रुमाल काढून उगाच नाक पुसू लागले.

धाकटीचा प्रस्ताव साधा होता. रुग्णालय, शाळा आणि झाकलेला बाजार, या तीन छपरांवर पॅनेल बसवायची, खाली बॅटऱ्या ठेवायच्या, म्हणजे गावाची वीज गेली तरी ही तीन ठिकाणं चालू राहतील. तो तिनं दोनदा सभेपुढे मांडला आणि दोनदा तो पडला. पहिल्या वेळी तिनं पृथ्वीच्या तापमानाचे आलेख पडद्यावर दाखवले. मागच्या बाकावर एक सदस्य चक्क घोरू लागले. दुसऱ्या वेळी तिनं वितळणारे हिमनग दाखवले. तेव्हा थोरलीच्या पक्षाचा चिटणीस उठला. त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं आणि आवाजही तसाच होता. तो म्हणाला, “अध्यक्ष, आपल्या गावात बर्फ पडल्याचं मला तरी आठवत नाही. ज्यांच्याकडे पडतो त्यांनी बघावं.” सभागृह हसलं. थोरली हसली नाही, पण तिचा हात विरोधात वर गेला आणि मागचे सगळे गेले.

मग तो उन्हाळा आला. वीज दिवसदिवस जायची, परत यायची, पुन्हा जायची. थोरलीच्या इस्त्रीच्या खोलीत एक बाई उभ्या जागी कोसळली. दुसऱ्या दिवसापासून थोरलीनं कामाची वेळ बदलली आणि उन्हं चढायच्या आत इस्त्री संपवायला सुरुवात केली. कोणी कारण विचारलं तर म्हणायची, “सोयीचं पडतं.” धाकटीनं वरच्या खिडकीतून पहाटे कामाला निघालेल्या बायका पाहिल्या. सोय कसली ते तिला बरोबर कळलं. तिला राग आला, आणि मग रागापेक्षा कुतूहल जास्त वाटलं. जी बाई न बोलता कामाची वेळ बदलते ती सभेत हात का बदलत नाही? हे आपण तिला कधी विचारलंच नाही, असंही तिच्या लक्षात आलं.

म्हणून एका दुपारी ती धुलाईघरात गेली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आत ती पहिल्यांदाच जात होती. मोठी पिंपं घरघरत होती, फरशी ओली होती, सोड्याचा वास नाकात चढत होता. टोकाला एका लांब टेबलापाशी थोरली चादरींच्या घड्या घालत उभी होती. मालकीण असली तरी माणूस कमी पडलं की ती स्वतः उभी राहायची.

“काय मागायला आलीस?” थोरलीनं मान वर न करता विचारलं.

“तुमचं मत.”

“मत मागायचे दिवस असतात. आणि ते आम्ही मागतो.” मग तिनं चादरीचं एक टोक तिच्याकडे फेकलं. “आलीच आहेस तर धर. दोघींचं काम आहे, मी एकटी ओढतेय.”

धाकटीनं टोकं धरली. थोरलीनं झटका दिला तशी तिच्या हातातून चादर सुटली.

“घट्ट धर. ओढ. आता जवळ ये. तसं नाही, टोकाला टोक.”

दोन-तीन चादरींनंतर हात बसला. धाकटीनं मग विचारलं, “वहिनी, प्रस्तावात चुकीचं काय आहे?”

“तुला ऐकायचंय की खोडून काढायचंय?”

“ऐकायचंय.”

“मग मध्ये बोलू नकोस.” थोरलीनं पुढची चादर घेतली. “पॅनेल कोणाची? राजधानीतल्या कंपनीची. माझी मुलं म्हातारी होईपर्यंत तिचीच. छप्पर आपलं, ऊन आपलं, आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. याला माझी माणसं हो कशाला म्हणतील? ही एक गोष्ट. दुसरी, माझा भाऊ कोळशाच्या वीजघरात फिटर आहे. कागदाची गिरणी बंद झाली तेव्हा तुझ्यासारखेच शिकलेले लोक आले होते. कामगारांना नवं काम शिकवू म्हणाले. प्रशिक्षण केंद्राची पाटी लागली. त्या पाटीवर कावळे बसायचे, बाकी कोणी बसलं नाही. आणि तिसरी...” ती थांबली. हातातली घडी तिनं दाबून सपाट केली. “तुम्ही लोक भीती घालता. घाबरलेला माणूस एक तर पळत सुटतो, नाही तर दार लावून आत बसतो. दोन्हीत घराची डागडुजी होत नाही.”

धाकटीजवळ तिन्हीची उत्तरं होती. कंपनी पैसा घालते म्हणून मालकी तिची. वीजघर आज ना उद्या बंद होणारच आहे. आणि भीती आम्ही घालत नाही, आकडे घालतात. तिन्ही उत्तरं जिभेच्या टोकावर आली. पण तिच्या हातात चादरीची टोकं होती, समोर थोरली ती ताणून उभी होती, आणि आता बोललो तर घडी बिघडेल असं काहीतरी तिला वाटलं. तिनं टोकाला टोक जुळवलं. मग म्हणाली, “मालकी गावाची असती, आणि नवी कामं आधी वीजघराच्या माणसांना मिळणार असतील, तर?”

“तर मी विचार करीन,” थोरली म्हणाली. “विचार करीन म्हणजे हो नव्हे. धर पुढची.”

दुसऱ्याच आठवड्यात धाकटी वीजघरात गेली. थोरलीच्या भावाला सगळे भोंगा म्हणायचे, कारण आयुष्य मोठ्या यंत्रांशेजारी काढल्यानं त्याला कमी ऐकू यायचं आणि तो स्वतः सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलायचा. कोळशाच्या ढिगापाशी उभं राहून धाकटी त्याला समजावू लागली.

“मामा, मी सौर विजेबद्दल...”

“चोर?” भोंगा ओरडला. “विजेचे चोर? कुठे?”

“चोर नाही, सौर! सौर!”

“हां, सौर!” भोंगा हसला, आणि त्याचं हसणं पत्र्याच्या छपरावर आपटून परत आलं. “मग तसं म्हण की. मला वाटलं, चौकशी आली.”

तो तिला आत घेऊन गेला. भट्टीच्या धगीत उभा राहून त्यानं तिला कुठली झडप कधी अडकते ते सांगितलं, कुठल्या पाइपाला कोणाचं नाव ठेवलंय ते सांगितलं. जाताना म्हणाला, “हे बघ पोरी, मला हा धूर आवडतो असं नाही. रात्री खोकला माझाच असतो. पण चूल विझवा म्हणून सांगायला येऊ नका. आधी दुसरी पेटवून दाखवा. मग ही विझवायला मी स्वतः पाण्याची बादली घेऊन येईन.”

ती घरी परतली ती विचारात पडूनच. इतकी वर्षं ती या माणसांना ‘कोळसेवाले’ म्हणत आली होती, जणू काही ती माणसं कोळशाच्याच बाजूनं जन्माला आली होती.

प्रस्ताव पुन्हा लिहायला काही महिने गेले. कंपनीऐवजी गावकऱ्यांची सहकारी संस्था आली. वीजघरातल्या माणसांना आधी शिकवायचं आणि मगच पॅनेल लावायची, असं कलम आलं. तिचे साहेब वैतागले. “तुमची जाऊ आता आपले प्रस्ताव लिहिणार का?” असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “दोन कलमं तिची आहेत, साहेब. आणि खरं सांगू? आपल्यापेक्षा बरी आहेत.” साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सही केली.

जवळच्या माणसानं मात्र दुखावलं. रुग्णालयातली डॉक्टर तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. ती म्हणाली, “तू त्यांच्या नाकदुऱ्या काढतेयस. त्यांना खरं काय ते ठणकावून सांगायचं सोडून गोड गोड बोलतेयस. उद्या म्हणतील पृथ्वी सपाट आहे. तेही कलम घालशील?”

“नाही घालणार,” धाकटी म्हणाली. पण ते वाक्य तिच्या डोक्यात कुसळासारखं रुतून राहिलं. नेमकं काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही, हे तिनं स्वतःला तरी कुठं नीट विचारलं होतं?

नवा प्रस्ताव वाचून थोरली वर आली. धाकटीच्या घरात ती फार दिवसांनी येत होती. चहा नको म्हणाली, पण बसली. “मी हा आधी पक्षाच्या बैठकीत नेते. तू बरोबर ये. यंत्राबद्दल काही विचारलं तर सांग. पण एक गोष्ट. जग तापतंय, माणसानं तापवलंय, हे सगळं उंबऱ्याबाहेर ठेवून ये. माझ्या लोकांना त्या शब्दांचं वावडं आहे. त्याशिवायही हे काम चांगलंच आहे ना?”

“आहे.”

“मग झालं तर.”

पक्षाची बैठक चिटणिसाच्या दुकानावरच्या खोलीत असायची. लाकडी जिना, खाली खिळ्यांची पोती, वर घडीच्या खुर्च्या आणि भिंतीवर जुन्या पुढाऱ्यांच्या तसबिरी. चिटणिसानं धाकटीला पाहून भुवया उंचावल्या, पण थोरलीपुढे काही बोलला नाही. थोरलीच्या जागेवर त्याचा डोळा आहे हे जगजाहीर होतं.

थोरली उभी राहिली आणि धाकटी चकित झाली. तोच प्रस्ताव, पण वेगळाच वाटत होता. थोरली म्हणाली की ऊन ही आपल्या छपरावर रोज येऊन पडणारी मिळकत आहे आणि ती आपण वाया घालवतोय. उधळपट्टी हा आपल्या पक्षाचा धर्म कधीपासून झाला? म्हणाली की राजधानीतून वीज येईल तेव्हा येईल, म्हणून हात जोडून बसणं आपल्या वाडवडिलांना आवडलं नसतं. म्हणाली की आपण जपणारी माणसं आहोत, आणि जपायचं म्हणजे नुसतं कुलूप लावायचं नसतं. माना डोलू लागल्या. एक-दोघांनी टेबलावर थापा मारल्या.

मग घड्याळजी उठले. पक्ष गावात आणला तो त्यांनी. चौकात घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान, वय झालेलं, पण खोलीत सगळ्यात जास्त मान त्यांनाच. ते धाकटीकडे वळले. “बाई, तुम्ही मागे सभेत आलेख घेऊन आला होता. आज ते दिसत नाहीत. मला सरळ सांगा. हे ऊन वाढतंय ते माणसाच्या करणीनं, असं तुम्ही मानता की नाही?”

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहत राहिली. धाकटीला कळत होतं की सुटायच्या वाटा पुष्कळ आहेत. ‘तो आजचा विषय नाही’ असं म्हणता आलं असतं. ‘मतं वेगवेगळी असू शकतात’ असं म्हणता आलं असतं. नुसतं हसून थोरलीकडे बोट दाखवता आलं असतं.

“मानते,” ती म्हणाली. “नुसतं मानत नाही, मी ते शिकलेय, तपासलंय. कोळसा आणि तेल जाळून आपणच हे करतोय. हा प्रस्ताव मी त्यासाठीच लिहिला. वहिनींनी सांगितलेली कारणंही खरी आहेत. तुम्ही त्या कारणांनी हो म्हणालात तरी चालेल, पण माझं कारण मी लपवणार नाही.”

चिटणिसाला हवं होतं तेच मिळालं. “ऐकलंत?” तो खुर्चीवरून उठलाच. “फुटलं बिंग! आपल्या नेत्या घरातल्या माणसासाठी पक्ष वापरतायत, हे मी म्हणत होतो की नाही?” दोघं-तिघं उठून जिन्याकडे निघाले. कोणी तरी म्हणालं, निर्णय पुढे ढकला. घड्याळजींनी टोपी घातली आणि हळूहळू जिना उतरून गेले.

रस्त्यावर आल्यावर थोरली थांबली. “एक शब्द गिळता आला नाही तुला? एक शब्द! इतके दिवस मी एकेकाच्या घरी जाऊन बसले, आणि तू...” तिनं वरच्या खोलीकडे हात केला. “त्यांना हो म्हणायचं होतं गं. निघालेच होते.” आणि ती पुढे चालू लागली. घर एकच, रस्ता एकच. त्यामुळे दोघी दहा पावलांचं अंतर ठेवून घरापर्यंत गेल्या, आणि फाटकापाशी आधी कोणी आत जायचं यावरून क्षणभर खोळंबल्या.

त्यानंतर घरात शुकशुकाट. दोघे भाऊ मिठाची गुळणी धरून बसले. धाकटीला झोप लागेना. आपण खरं बोललो, हे ठीक. पण खरं बोलण्याचा आनंद आपल्याला झाला आणि किंमत दुसरीनं मोजली, हे तिला टोचत होतं. रुग्णालयाच्या छपरावर यंदाही काही नसणार. तिथल्या खाटांवरच्या माणसांना तिच्या प्रामाणिकपणाचा काय उपयोग?

शेवटी एका सकाळी ती खाली गेली. थोरली दारातच चपला घालत होती.

“वहिनी, तुमचं नुकसान झालं, त्याची मी माफी मागते. बोलले त्याची मागत नाही.”

“म्हणजे अर्धीच माफी.”

“अर्धीच.”

थोरली चपलेचा पट्टा लावत वाकली होती, ती तशीच राहिली. “मला एक सांग. तिथं ‘नाही’ म्हणाली असतीस, किंवा विषय टाळला असतास, तर काय आकाश कोसळणार होतं? मी तुला वाईट म्हटलं असतं का?”

“तुम्हाला कळलं असतं की मी खोटं बोलतेय.”

“कळलं असतं. मग?”

“वहिनी, आपण लहान मुलाला औषध गुळात घालून देतो. कारण त्याला कळत नाही असं आपण धरून चालतो. मी तुमच्या माणसांना तसं दिलं असतं, तर तुमचे डोळे डोक्याच्या मागे आहेत असं जे मी पूर्वी म्हणाले होते ते मनातून अजून तसंच आहे, असं झालं असतं. घड्याळजींनी मला सरळ विचारलं. मला वाटलं, ज्या माणसाला आपण अक्कल आहे असं मानतो त्याला सरळच सांगावं.”

थोरली सरळ उभी राहिली. मग म्हणाली, “मला कामाला उशीर होतोय,” आणि गेली.

सभेच्या दिवशी प्रस्ताव विषयपत्रिकेवर होता, पण साहेबांनीच सांगितलं होतं की फार आशा ठेवू नका. धाकटी अधिकाऱ्यांच्या बाकावर बसली होती. चिटणीस विरोधात बोलला आणि चांगला बोलला. मग अध्यक्षांनी थोरलीचं नाव घेतलं.

थोरली नेहमी कागद घेऊन बोलायची. आज तिच्या हातात काही नव्हतं. “अध्यक्ष, सगळ्यांना माहीत आहे की ही बाई माझी जाऊ आहे. आमच्या घरात हवेचा विषय निघत नाही, हेही पुष्कळांना माहीत आहे.” थोडं हसू पसरलं. “ती जे म्हणते ते मला अजून सगळं पटलेलं नाही. मी विचार करतेय. माणसाला वेळ लागतो, आणि आमच्या पक्षाला जरा जास्त लागतो. पण रुग्णालयाच्या चादरी माझ्याकडे येतात. उन्हाळ्यात वीज गेली होती त्या दिवसांतल्या चादरी मी माझ्या हातांनी उचलल्यात. त्या घामानं इतक्या भिजलेल्या होत्या की पिळल्या असत्या तर पाणी निघालं असतं. बाळंतिणींच्या होत्या त्यात, म्हाताऱ्यांच्या होत्या. त्याला काय नाव द्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला तशा चादरी पुन्हा धुवायच्या नाहीत.”

मग ती अधिकाऱ्यांच्या बाकाकडे वळली.

“आणि एक. आमच्या बैठकीत हिला सरळ प्रश्न विचारला गेला. मी हिला गप्प राहायला सांगितलं होतं. ते माझं चुकलं. ही खोटं बोलली असती तर प्रस्तावाला आमच्या पक्षाचा होकार त्याच दिवशी मिळाला असता. नाही बोलली. तेव्हा ही म्हणते की किल्ली गावाकडे राहील आणि वीजघरातल्या पोरांना काम मिळेल, तर तेही खरं असणार, असं मी धरते. माझं मत होकाराचं आहे. बाकीच्यांनी आपापलं बघावं, मी मागे वळून बघणार नाही.”

आणि तिनं हात वर केला आणि खरोखरच मागे पाहिलं नाही. धाकटी मात्र पाहत होती. आधी मागे एकही हात नव्हता. मग एका कोपऱ्यातला वर गेला, मग दोन, मग जरा थांबून आणखी काही. सगळे नाही गेले. चिटणीस हाताची घडी घालून बसला होता आणि त्याच्या भोवतीचेही तसेच. बाजारातले व्यापारी छप्पर द्यायला तयार नव्हते, म्हणून ते वगळून पुन्हा मत घ्यावं लागलं. वाद झाला, आरडाओरडा झाला. शेवटी रुग्णालय आणि शाळा, एवढं निसटत्या मतांनी मंजूर झालं.

थोरलीचं नेतेपद महिनाभरात गेलं. चिटणीस त्या खुर्चीवर बसला. डॉक्टर मैत्रिणीनं ते ऐकलं तेव्हा ती म्हणाली, “मग आता पक्ष सोडतील ना त्या? आपल्याकडे येतील?” धाकटीनं तो निरोप खाली पोचवला तशी थोरली भडकली. “पक्ष म्हणजे काय भाड्याची खोली आहे, शेजाऱ्याशी पटलं नाही की सोडायला? घर माझं आहे. नको ते लोक दिवाणखान्यात बसलेत म्हणून मी का बाहेर जाऊ?”

पॅनेल बसली. वीजघरातले तरुण कामगार शिकून तयार झाले. रुग्णालयाच्या छपरावर तेच चढले. भोंगा मात्र गेला नाही. “माझी चूल अजून पेटलेली आहे,” असं त्यानं सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. धाकटीनं त्याला पुन्हा विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात वीज गेली तेव्हा रुग्णालयातले पंखे फिरत राहिले. बाजारात भाजी नासली, आणि व्यापारी नगरपालिकेवर चिडले.

त्याच उन्हाळ्यात निवडणूक आली. थोरलीला उमेदवारी द्यायची नाही असं नव्या नेत्याच्या मनात होतं, पण घड्याळजी दुकान बंद करून पक्षाच्या खोलीत जाऊन बसले आणि उठेनात. कशासाठी बसलाय असं विचारलं तर म्हणाले, “मला सरळ बोलणारी माणसं आवडतात. त्यांचं म्हणणं पटत नसलं तरी.” उमेदवारी मिळाली.

प्रचाराला निघताना थोरलीनं जिन्यातूनच हाक मारली. धाकटी खाली आली.

“मत मला देणार नाहीस ना?”

“नाही, वहिनी. तुमच्या जाहीरनाम्यात वीजघर आणखी वाढवायचं लिहिलंय.”

“मी विरोध केला होता. ऐकलं नाही.” थोरलीनं हातातली मोठी छत्री पुढे केली. “बरं, मत नको. ही धरशील? उन्हात डोकं दुखतं माझं, आणि हात जोडायला दोन्ही हात मोकळे लागतात.”

“मी नोकरदार माणूस आहे, मला प्रचार करता येत नाही.”

“छत्रीचा रंग काळा आहे. काळा कुठल्याच पक्षाचा नाही.”

धाकटी हसली आणि तिनं छत्री उघडली. दोघी गल्लीच्या टोकापासून दारं वाजवत निघाल्या. तिसऱ्या की चौथ्या दारात एका म्हाताऱ्या आजोबांनी थोरलीला अडवलं. “काय हो ताई, लोक म्हणतात तुम्ही आता त्या तापमानवाल्यांत गेलात. खरं का?”

“कुठेही गेले नाही, इथंच उभी आहे,” थोरली म्हणाली. “पण ही त्यातली आहे. तुम्हाला काही विचारायचं असेल तर हिला विचारा. खरं तेच सांगते, त्याची मी हमी देते. पटलं पाहिजे असं नाही.”

आजोबांनी धाकटीला आपादमस्तक पाहिलं. मग आतून एक खुर्ची ओढून आणली, आणि आणखी एक.

“बसा,” ते म्हणाले. “माझी विहीर आटत चाललीय. त्याचं आधी सांगा.”

थोरलीला अजून अख्खी गल्ली करायची होती. तिनं पुढच्या दाराकडे पाहिलं, मग छत्री धाकटीच्या हातातून घेऊन मिटली आणि खुर्चीवर बसली.